जेडप्पांचे मार्जारांपासून संरक्षण

जे दोन जीव एकमेकांस भक्ष्य समजतात त्यांना जो एका छपराखाली आणतो, त्याने त्या दोघांचेही पालकत्व पत्करलेले असते. पुढे कोणी कोणास खाल्ले तरी पातकाचा भार त्या तिसऱ्यावरच येतो. कारण खाणारा भुकेला होता, खाल्ला गेलेला हयात नाही, आणि जाब देण्याच्या अवस्थेत उरलेला असा तो एकटाच असतो. नीतिविचारातील हा सूक्ष्म मुद्दा आम्ही सोलापुरातील एका शाळेत आयुष्यभर संस्कृत शिकवून निवृत्त झाल्यावर, बाळीवेशीतील आमच्या राहत्या घरी, तीन मांजरे व एक कोळी यांच्या साहाय्याने प्रत्यक्ष अभ्यासला. समाजास मार्गदर्शन व्हावे या (कोणीही न केलेल्या) विनंतीस मान देऊन त्याची हकीकत येथे सादर करीत आहोत.

कोळी म्हणजे माळ्याच्या कोपऱ्यात जाळे विणून डासांवर गुजराण करणारा तो गरीब गृहस्थ नव्हे. हा सांगोल्याच्या माळरानातील बिळातून आणलेला, पसरलेल्या तळहाताएवढा, अंगभर तांबूस लव असलेला आणि चालताना आठही पाय विचारपूर्वक टाकणारा महाकाय जीव होता. आमच्या थोरल्या भगिनीची कन्या सुंदरम्मा आमच्या घरी राहून प्राणिशास्त्राचे एम.एस्सी. करीत होती; तिने त्यास ‘टॅरंटुला’ म्हटले. आम्ही ‘ऊर्णनाभ’ म्हटले. आमच्या सौभाग्यवती गिरिजाबाई अक्कलकोटकडच्या. त्यांच्या माहेरच्या कन्नडमध्ये कोळ्याला ‘जेड’ म्हणतात, आणि घरी आलेल्याला नुसते ‘जेड’ म्हणणे त्यांना प्रशस्त वाटेना. म्हणून त्यांनी ‘जेडप्पा’ म्हटले. अर्थातच तेच नाव रूढ झाले. विद्वत्तेने सुचवलेली नावे आमच्या घरात टिकत नाहीत.

सुंदरम्मेच्या प्रबंधाचा विषय हे जेडप्पाच होते. तथापि विषय एवढ्यावर संपत नव्हता. तिचे वडील ईरप्पा, म्हणजे आमचे दाजी, यांचे होटगीस भुसाराचे दुकान. मुलगी बी.एस्सी. झाली त्या दिवसापासून ते स्थळे पाहत होते. जेडप्पा घरी आल्याचे कळताच ते पहिल्या गाडीने आले आणि काचेच्या पेटीसमोर बसून त्यांनी व्यापाऱ्याच्या नजरेने माल न्याहाळला.

“मास्तर, ह्यो किडा किती दिस जगतोय?”

“दाजी, हा कीटक नव्हे. कीटकास पाय सहा. हा अष्टपाद.”

“पाय कितीबी असंनात की! जगतोय किती, त्ये सांगा.”

सुंदरम्मा तेवढ्यात पुढे झाली. “अप्पा, हा जिवंत आहे तोवर मला शिकू द्या. मधे लग्नाचं नाव नाही काढायचं. एवढा एकच शब्द द्या.”

दाजींनी डोळे मिटले. तीस वर्षे ते ज्वारीच्या पोत्यांत बसले होते. पोत्यातला किडा किती काळ टिकतो याविषयी त्यांच्याइतका अधिकार पंचक्रोशीत कोणास नव्हता. त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आले.

“दिला शब्द. ह्यो हाय तवर शीक. ह्यो गेला की मांडव. मास्तर, तुमी साक्षीदार!”

आम्ही साक्षीदार झालो. संस्कृताच्या माणसास एरवी कोणी साक्षीलासुद्धा बोलावीत नाही, म्हणून ते पद आम्ही कृतज्ञतेने स्वीकारले.

काही आठवड्यांनी सुंदरम्मेस प्रयोगशाळेच्या कामासाठी कोल्हापुरास जावे लागले. तेथील मुलींच्या वसतिगृहात स्टोव्ह, पुरुष नातेवाईक आणि आठ पायांचे प्राणी आणण्यास मनाई होती. तेव्हा तिने जेडप्पांस, म्हणजेच स्वतःच्या पुढच्या आयुष्यास, आमच्या हवाली केले.

“मामा, पेटी अंधारात असू द्या. पाण्याची वाटी रिकामी होऊ देऊ नका. झुरळं मामी घालेल. मांजरं चुकूनही आत नकोत; यानं चावा घेतला तर मांजर जाईल आणि मांजरानं पंजा मारला तर हा जाईल. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, मामा, थोड्या दिवसांनी हा खायचा थांबेल, आणि मग—”

येथे आम्ही तिला थांबवले. अतिथी म्हणजे काय, त्याचे अर्घ्य-पाद्य कसे करावे, आणि ज्या घरात आजवर मुंगीच्या वारुळावरही कधी गरम पाणी पडले नाही त्या घरास पोरीने सूचना देणे कितपत उचित, यावर आम्ही थोडक्यात बोललो. थोडक्यात बोलून होईतो दारात रिक्षा आली. रिक्षातून मान काढून ती आणखी काही ओरडत होती. आम्ही हात उंचावून आशीर्वाद दिला.

आता मांजरांविषयी. त्या तिघींची नावे प्रथमा, द्वितीया आणि षष्ठी. (मधल्या विभक्ती शेजारी दत्तक गेल्या.) घरात जे काही घडे ते प्रथमा करी, द्वितीयेस ते सोसावे लागे, आणि षष्ठी फक्त संबंध दाखवी, म्हणजे चूल, उशी, आमचे धोतर, सर्व तिचे. ते साल १९७६. शिस्तीची देशभर चलती होती. गाड्या वेळेवर सुटत, कचेऱ्यांत माणसे जागेवर सापडत, आणि कोणी काही विचारीत नसे. राष्ट्रकार्यात आपलाही वाटा असावा म्हणून आम्ही ती शिस्त मांजरांपर्यंत नेली.

जेडप्पांची पेटी देवघरात ठेवली, कारण मांजरांस मज्जाव असलेली घरातील ती एकच खोली. पेटीवर तारेची जाळी, जाळीवर वरवंटा. देवघराच्या दारास बाहेरून कडी, आणि कडीपुढे गिरिजाबाईंचे जुने लुगडे पडद्यासारखे बांधून एक मधली जागा तयार केली. एका वेळी पडदा तरी उघडावा किंवा दार तरी, दोन्ही उघडू नयेत, असा दंडक घातला. आत जाणाऱ्याने आधी मोठ्याने “प्रथमा कुठे?” असे विचारावे, घरातील कोणी तरी ठिकाण सांगावे, मग द्वितीयेचे विचारावे, मग षष्ठीचे, आणि तिन्ही ठिकाणे निश्चित झाल्यावरच कडीला हात लावावा. (एवढ्यात प्रथमेने ठिकाण बदललेले असे. मग पुन्हा आरंभ.) भरल्या पोटी हिंसा सुचत नाही या तत्त्वावर मांजरांस सायीसकट दूध सुरू केले, आणि आमचा चहा कोरा झाला. दारावर मांजरांना उद्देशून प्रवेशनिषेधाचा एक अनुष्टुभ लिहून लावला. मांजरांस संस्कृत येत नाही, असा आक्षेप शेजारच्या गुरम्मांनी घेतला. आमच्या वर्गातील मुलांसही येत नसे. म्हणून आम्ही शिकवणे कधी थांबवले नव्हते.

हा सर्व बंदोबस्त कमालीचा यशस्वी झाला, हे नम्रपणे नमूद करणे भाग आहे. त्या अवघ्या काळात मांजरे जेडप्पांच्या वाट्यास गेल्याची नोंद करावी असा एकही प्रसंग घडला नाही. पहिल्या दिवशी तिघींनी पेटी हुंगली, एकमेकींकडे पाहिले, आणि त्या चुलीपाशी जाऊन झोपल्या त्या पुन्हा तिकडे फिरकल्या नाहीत. काही क्षुद्र दृष्टीचे लोक याचा अर्थ असा लावतील की मांजरांस रसच नव्हता. मग पडदा, कडी, अनुष्टुभ हे सारे कशासाठी होते, याचे उत्तर त्या लोकांनी द्यावे.

आहाराचा प्रश्न मात्र नाजूक होता. आमचे घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. देवघरात झुरळाचा वध होऊ देणे आम्हांस रुचेना. आम्ही जेडप्पांसमोर क्रमाने दहीभात, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, कडक भाकरीचा चुरा आणि शेंगांच्या चटणीचे बोट ठेवून पाहिले. जेडप्पा एका पायाने ती ताटली बाजूस सारीत. गिरिजाबाई आमचे स्नान चालू असता आत काय टाकीत, हे आम्ही कधी विचारले नाही. त्यांनीही आमच्या व्याख्यानांत कधी प्रश्न विचारला नव्हता. अशा परस्पर आदरावरच संसार चालतात.

पुढे एके दिवशी जेडप्पांनी तेही नाकारले. झुरळ त्यांच्या पायांवरून चालत गेले तरी त्यांनी दृष्टी वळवली नाही. आठवडा असाच गेला, मग दुसरा. आम्हांस गहिवरून आले. गिरिजाबाईंस आम्ही म्हणालो, “पाहिलेत? सहवासाचा परिणाम. पाहुण्यांनी हिंसा सोडली.”

“सोडली का आजारी हाईत ते बघा की आधी,” त्या म्हणाल्या. “रंग बघा कसा उतरलाय. पोरीला कोल्हापूरला पत्र टाका.”

“तपाने वर्ण फिका पडतोच,” आम्ही म्हणालो, आणि पत्र टाकले नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी देवघरातून हाक आली.

“अहो! इकडं या बघू. जेडप्पा उताणे झालेत.”

आम्ही प्रथमा, द्वितीया व षष्ठी यांची ठिकाणे विचारून (आपत्काळ असला तरी दंडक मोडता येत नाही) आत गेलो. जेडप्पा पाठीवर पडले होते. आठही पाय पसरलेले, हालचाल नाही. आम्ही तीन वेळा संस्कृतातून आणि एकदा कन्नडमधून हाक मारली. उत्तर आले नाही.

“लिंगैक्य झाले,” आम्ही म्हणालो.

गिरिजाबाई म्हणाल्या, “अय्यो शिवा! मग पोरीचं काय?” लगेच त्यांनी पदराने तोंड पुसले आणि आवाज खाली आणला. “हे बघा. ती आजच तिसऱ्या प्रहरी येतीय. तवर कुणाला कळवू नका. दाजींना तर मुळीच न्हाई. सांगोल्याच्या माळावर असले ढीगभर असतील की. दुसरा आणंल ती.”

आमच्या सहधर्मचारिणीने आमच्यासमोर असत्य सुचवावे, याचे आम्हांस अतोनात दुःख झाले. आम्ही साक्षीदार होतो. साक्षीदाराने अप्रिय सत्य तत्काळ सांगावे, आणि ते ज्याला प्रिय असेल त्याला सर्वांत आधी सांगावे. शिवाय तो बाजारचा दिवस होता आणि दाजी नवी पेठेत कापडवाल्याच्या गादीवर सापडण्याजोगे होते. आम्ही जोडे घातले.

दाजींनी वार्ता ऐकली. हात जोडले. क्षणभर त्यांच्या मुद्रेवर खरोखरीचे गांभीर्य आले. मग ते दुकानदारास म्हणाले, “त्यो मघाचा शालू पुन्यांदा काढ की रं. न्हाय, हिरवा नगं. जरीचा.”

परतताना ते वाटेत झेंडूचा हार घेण्यास मात्र विसरले नाहीत. जेडप्पांनी अवघ्या काही महिन्यांत त्यांचे मोठे काम केले होते.

आम्हां वीरशैवांत देह दहन करीत नाहीत, पुरतात. आणि तोही बसवून. जेडप्पांची दीक्षा झालेली नव्हती, परंतु ते आमच्या देवघरात वारले होते, तेव्हा त्यांस घराबाहेर फेकणे अशक्य होते. परसातल्या बेलाच्या झाडाखाली खड्डा घेतला. नवे गाडगे आणले. आत बेलाची पाने आणि थोडी विभूती. मग बसवण्याचा प्रश्न आला. मांडी घालण्यास दोन पाय लागतात. आठ पायांची मांडी कोणत्या क्रमाने घालावी, उजवा कोणता, डावा कोणता, याविषयी आम्हांस ज्ञात असलेले आचार्य मौन बाळगतात. आम्ही मतमतांतरांचा विचार करू लागलो. ऊन चढत होते.

“मास्तर,” दाजी म्हणाले, “ऱ्हाऊ द्या उताना. मला दुपारी पावन्यांकडं जायचंय.”

म्हणून जेडप्पांस होते तसेच, न हलवता, अलगद आत ठेवले. गाडग्यावर पणती झाकली. आम्ही माती घट्ट दाबणार, तोच गिरिजाबाईंनी आमचा हात धरला. “दाबू नका हो. दोन म्हैने घरात जेवलाय.” माती भुसभुशीतच राहिली. आम्ही चार शब्द बोललो. दाजींनी दोनदा घड्याळात पाहिले.

दुपारी सुंदरम्मा आली. खांद्यावर पिशवी, अंगावर एस.टी.ची धूळ. ओसरीवर स्थळाच्या पाहुण्यांकडे निघण्याच्या तयारीतले वडील, त्यांच्या मांडीवर कापडवाल्याचा कागदी पुडा. तो पाहूनच ती थबकली.

“मामा, कुठाय?”

आम्ही सांगितले. जितक्या प्रौढ शब्दांत सांगता आले तितक्या प्रौढ शब्दांत सांगितले. ती रडली नाही. तिने दोनच प्रश्न विचारले.

“उताणा होता?”

“होय.”

“पाय? पाय मुडपून पोटाशी घेतलेले का पसरलेले?”

“अगदी पसरलेले. शांत. योग्याला साजेसे.”

“मामा!” ती एवढ्या मोठ्याने ओरडली की रस्त्यावरचा माणूस थांबला. “मेलेला कोळी पाय आवळतो! तो कात टाकत होता! तेच सांगत होते मी तुम्हाला, रिक्षातून घसा फोडून सांगत होते!”

पिशवी तिथेच टाकून ती परसात धावली. आम्ही सर्व मागोमाग. बेलाखाली षष्ठी होती. ज्या हेतूने मांजरे भुसभुशीत माती उकरतात, केवळ त्याच हेतूने, अन्य कोणताही उदात्त विचार मनात न आणता, ती माती उकरीत होती. पणती एका बाजूस कलली होती आणि आत वारा जात होता. सुंदरम्मेने मांजरीस मानेला धरून गिरिजाबाईंच्या हातात दिले, गुडघे टेकले, श्वास रोखला आणि पणती उचलली.

आत दोन जेडप्पा होते.

एक वर, पोकळ, फिका, पाठीला चिरलेला. दुसरा खाली, विभूतीने माखलेला, पहिल्याहून मोठा, मखमलीसारखा काळाभोर. तो एक पाय हलकेच उचलीत होता आणि ठेवीत होता. सुंदरम्मा मातीत बसली आणि तेव्हा कुठे रडली.

दाजी बराच वेळ वाकून पाहत होते. मग सरळ झाले.

“येक मेला, येक झाला,” ते म्हणाले. “म्हंजी पयला मेलाच की. मी शब्द दिल्ता पयल्याचा. ह्यो नवा, ह्येचा करार न्हाय. काय मास्तर? तुमी साक्षीदार. तुमी सांगा, खरा कंचा?”

सर्वांनी आमच्याकडे पाहिले. देह हे वस्त्र आहे आणि आत राहणारा ते टाकून दुसरे घेतो, हे आम्ही जन्मभर मुलांस शिकवले. त्यावर गुण दिले आणि गुण कापले. आज ते वस्त्र आणि आत राहणारा, दोघेही एका गाडग्यात आमच्यासमोर ठेवून कोणी तरी प्रथमच विचारीत होते की यातला खरा कोणता. आम्ही घसा साफ केला. म्हणालो, “याविषयी तीन मते आहेत.”

“व्हय का?” गिरिजाबाई मांजर कडेवर घेऊन पुढे आल्या. “मग चौथं माझं ऐका. दाजी, तुमच्या शेतात सापाची कात दिसली, तर साप मेला म्हणून तिथं पथारी टाकून निजता का?”

दाजींनी पुडा एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतला. आमची तिन्ही मते मागे पडली.

सुंदरम्मेने ती कात तळहातावर घेऊन उन्हात धरली, पोटाकडची बाजू नखाने उलगडली आणि डोळे पुसत पाहू लागली. “अप्पा,” ती म्हणाली, “ही मादी आहे. कातीच्या आतून कळतं. नर असता तर फार दिवस टिकला नसता.”

“अय्या!” गिरिजाबाई म्हणाल्या. “मग जेडव्वा म्हणायचं की.”

“मादी असंल तर असंल,” दाजी सावधपणे म्हणाले. “जगतीय किती?”

“नीट सांभाळली तर वीसेक वर्षं.”

दाजी धुण्याच्या दगडावर बसले. होटगीच्या बाजारात त्यांच्या शब्दावर गाडीभर ज्वारी उतरते, पावती लागत नाही. तो शब्द त्यांनी मनातल्या मनात उलटून पाहिला, सुलटून पाहिला. मुलीकडे पाहिले, ती मातीने भरलेली, डोळे सुजलेली, हातात एक पोकळ कातडे धरून सण असल्यासारखी हसत होती. मग ते उठले आणि काखेतला पुडा त्यांनी गिरिजाबाईंच्या हाती दिला.

“ह्यो ठिवा. डांबराच्या गोळ्या टाकून ठिवा. वीस वर्सांनी लागंल.” दारापर्यंत जाऊन ते वळले. “आन् सुंदरे, त्या मांजरीला दूध पाज. मास्तरच्या भरवशावर ऱ्हाऊ नको.”

एवढ्या अनुभवान्ती, मांजरे असलेल्या घरात असा जीव सुरक्षित ठेवण्याची पद्धत आम्ही पुढीलप्रमाणे निश्चित केली आहे: पेटीस जाळी असावी, जाळीवर वजन असावे, खोलीस कडी असावी, आणि विद्वान कडीच्या बाहेरच्या बाजूस असावा. आकड्यांत सांगायचे तर मांजरांकडून झालेला अपाय शून्य, पाहुण्याकडून शून्य, आणि अतिथिधर्म जाणणाऱ्याकडून जिवंत दफन एक. सरासरी काढल्यास घरातील बहुसंख्य सभासद निर्दोष ठरतात, ही समाधानाची बाब आहे.

वाचकांपैकी काहींस आमचे हसू आले असेल. त्यांना एकच विचारतो. आरंभापासून आपण कोणावर नजर ठेवून होता? मांजर आता उडी घेईल, मग उडी घेईल, म्हणून आपण पान उलटीत आलात. आणि खड्डा खणणारा तर पहिल्या ओळीपासून आपल्याशी बोलत होता, ‘मास्तर मोठे सज्जन’ म्हणून आपण माना डोलवीत होता. तेव्हा आपल्या घरी कोणी काही नाजूक ठेवायला दिले असेल, तर ते कृपया आजच परत करावे.

जी उकरते तिला दूध मिळो. जी आत निमूट वाढते तिला अंधार आणि वेळ मिळो. जिने शिकायचे ठरवले तिच्या पाठीशी पित्याचा शब्द राहो, आणि त्या पित्यास त्या शब्दाचा कधी पश्चात्ताप न होवो. सर्वांचे कल्याण असो. आमच्यासारख्यांपासून थोड्या अंतरावर.